वळणाची क्रियापदे : इंग्रजी भाषेतील दिशा आणि अवधान

समाजाचा इतिहास भाषेतून शोधू पाहणारा अभ्यासक बहुधा नामांपासून आरंभ करतो. नवी वस्तू आली की तिच्याबरोबर नवे नाम येते आणि त्याचा काळ व मूळ ठरविणे तुलनेने सोपे असते. क्रियापदांचा इतिहास इतका उघड नसतो. ती जुनीच राहतात, पण त्यांच्या आतला कर्ता बदलतो, कर्म बदलते आणि क्रियेला चिकटलेला बरेवाईटपणाही बदलतो. इंग्रजी भाषेत दिशा बदलणे आणि लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे नेणे या दोन क्रियांसाठी जी क्रियापदे वापरली जातात, त्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने दिसते. या क्रियापदांत नांगर, लेथ, शिडाचे जहाज, आगगाडी आणि व्यापारी कचेरी यांचे अवशेष एकमेकांवर साचलेले आहेत. वळणारा कोण आणि वळविणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या थरांगणिक वेगळे मिळते.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने काही क्रियापदांविषयी जवळजवळ हताशेने लिहिले आहे. ज्यांचा अर्थ इतका सैल आणि व्यापक आहे की त्यांच्या छटांचा माग काढणे कोशकाराला दुष्कर व्हावे, अशा क्रियापदांची जी यादी त्याने दिली, तीत ‘टर्न’ हे क्रियापद आहे. क्रियापदापुढे एखादे लहानसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची खोडही त्याने तेथेच नोंदविली. ‘टर्न’ला ‘टू’ जोडले की आश्रयाला जाणे किंवा लक्ष देणे, ‘फ्रॉम’ जोडले की विन्मुख होणे, ‘डाउन’ जोडले की नाकारणे आणि ‘आउट’ जोडले की निष्पन्न होणे किंवा हाकलून देणे. लेनर्ड टाल्मी या भाषावैज्ञानिकाने १९८५ च्या सुमारास जी मीमांसा केली, तिच्यानुसार काही भाषा गतीचा मार्ग क्रियापदाच्या धातूतच सांगतात. इंग्रजीसारख्या भाषा तो धातूबाहेर, अव्ययाच्या ठिकाणी ठेवतात. जॉन्सनला छळणाऱ्या सैलपणाचा उलगडा या मीमांसेने बराचसा होतो. धातू केवळ वळण सांगतो. वळण कोणीकडे, हे दुसरा लहान शब्द सांगतो. त्यामुळे एकच धातू शेकडो दिशांना उपयोगी पडतो.

खुद्द ‘टर्न’ मूळचा इंग्रजी नव्हे. लाकूड फिरते ठेवून कातण्याच्या यंत्राला ग्रीक भाषेत ‘टॉर्नोस’ म्हणत. त्यावरून लॅटिनमध्ये ‘टोर्नारे’ म्हणजे यंत्रावर कातणे हे क्रियापद झाले. ते प्राचीन इंग्रजीत आले आणि पुढे नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आलेल्या त्याच शब्दाने त्याला बळकटी दिली. म्हणजे वळण्याचा हा सर्वसामान्य शब्द मुळात कातारी कारागिराचा आहे. या धातूत प्रथमपासून एक कर्ता आहे, त्याच्या हाती हत्यार आहे आणि त्याच्यासमोर फिरणारी, आकार घेणारी वस्तू आहे.

या शब्दाने बस्तान बसविण्यापूर्वी इंग्रजीचा स्वतःचा शब्द ‘वेंड’ हा होता. त्याचा अर्थ वळणे, वळविणे आणि पुढे जाणे. त्याच्या वाट्याला आलेले नशीब विलक्षण आहे. ‘गो’ या क्रियापदाचे भूतकाळाचे रूप प्राचीन इंग्रजीत ‘एओदे’ असे होते. ते हळूहळू मागे पडले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याची जागा ‘वेंड’च्या भूतकाळाने, म्हणजे ‘वेंट’ने घेतली. आज इंग्रजी बोलणारा मनुष्य ‘मी गेलो’ असे म्हणतो, तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो ‘मी वळलो’ असेच म्हणत असतो. वर्तमानकाळातला ‘वेंड’ मात्र आज ‘वाट धरणे’ अशा एखाद्या जुनाट वाक्प्रयोगापुरता उरला आहे.

‘वेंड’चा आणखी एक अर्थ वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडने पोप ग्रेगरीच्या एका लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत भाषांतर करण्याच्या क्रियेसाठी त्याने हेच क्रियापद योजिले आहे. एक ग्रंथ एका भाषेतून दुसरीत ‘वळविणे’ ही कल्पना लॅटिनमध्येही होती. ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळविणे, आणि त्यावरूनच पुढे ‘व्हर्जन’ हा भाषांतरवाचक शब्द आला. भाषांतराला ‘वळविणे’ म्हणताना ग्रंथ तोच राहतो, त्याचे तोंड तेवढे दुसऱ्या वाचकांकडे होते, अशी समजूत त्यामागे असावी.

‘व्हर्टेरे’ या लॅटिन धातूचा संस्कृतच्या ‘वृत्’ धातूशी सख्खा संबंध आहे. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली. तिच्यातून जो तौलनिक अभ्यास वाढला, त्याने हे नाते सिद्ध केले. परिवर्तन, आवर्तन, निवृत्ती, प्रवृत्ती, चित्तवृत्ती हे मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे शब्द आणि ‘कन्व्हर्ट’, ‘रिव्हर्ट’, ‘डायव्हर्ट’, ‘अ‍ॅडव्हर्ट’ हे इंग्रजी शब्द एकाच कुळातले आहेत. इंग्रजीतला ‘-वर्ड’ हा दिशावाचक प्रत्ययही त्याच कुळातला. पद्यरचनेच्या बाबतीत तर हे साम्य अधिक लक्षणीय आहे. लॅटिन ‘व्हर्सुस’ म्हणजे नांगराचे वळण, त्यावरून तास आणि तासावरून लिहिलेली ओळ. हाच इंग्रजीचा ‘व्हर्स’. आपल्याकडे छंदाला ‘वृत्त’ म्हणतात, तेही वळण्याच्याच धातूवरून. गद्याला ‘प्रोज’ म्हणतात, कारण ते ओळीअखेर न वळता सरळ पुढे जाते. त्या शब्दाच्या मुळाशी ‘पुढे वळलेले’ असा लॅटिन शब्द आहे.

नांगराने इंग्रजीला आणखीही एक शब्द दिला. लॅटिनमध्ये तासाला ‘लिरा’ म्हणत. तासाबाहेर गेलेला तो ‘डेलिरियम’मध्ये, म्हणजे भ्रमात सापडला. शेतकरी संस्कृतीत सरळपणा हे शहाणपणाचे लक्षण होते. शेताच्या टोकाशी वळणे योग्य. तासाच्या मध्येच वळणे हा प्रमाद. चौदाव्या शतकापासून रूढ झालेल्या ‘स्वर्व्ह’ या क्रियापदाची हकीकत याला जुळणारी आहे. त्याचे प्राचीन रूप कानस मारणे, घासणे अशा अर्थाचे होते. पुढे घसरणे, बाजूला जाणे आणि मग कर्तव्यापासून ढळणे, असा त्याचा प्रवास झाला.

वळण्याला नैतिक अर्थ दिला तो मुख्यतः बायबलच्या भाषांतरांनी. विल्यम टिंडलचा ‘नवा करार’ १५२६ साली छापला गेला आणि राजा जेम्सच्या आश्रयाखालील अधिकृत भाषांतर १६११ मध्ये प्रसिद्ध झाले. हिब्रू भाषेत परतणे आणि पश्चात्ताप करणे यांसाठी एकच धातू आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याला अनेक ठिकाणी ‘टर्न’ आणि ‘रिटर्न’ हे शब्द दिले. ‘निर्गम’ या ग्रंथात मोशे मेंढरे चारीत असता त्याला जळणारे पण भस्म न होणारे झुडूप दिसते. हे काय आहे ते बाजूला वळून पाहावे, असे तो ठरवितो. तो वळला असे पाहिल्यावरच देव त्याला हाक मारतो. या प्रसंगात शरीराची दिशा आणि मनाचे अवधान यांच्यात फट नाही. मोशे पायांनी वळतो तेव्हाच मनानेही वळतो, आणि वळण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे. पुढे जे घडते त्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

मात्र त्याच धर्मग्रंथात बाजूला वळणे हे पापही आहे. जॉन बन्यनच्या १६७८ मधील रूपकात्मक यात्राकथेत ख्रिस्ती यात्रेकरू खडतर राजमार्ग सोडून शेजारच्या मऊ कुरणाकडे वळतो आणि निराशा नावाच्या राक्षसाच्या कैदेत पडतो. हरी केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ या नावाने या ग्रंथाला मराठी रूप दिले. इंग्रजी कथनवाङ्मयाशी मराठीचा जो अगदी आरंभीचा संबंध आला, त्यात अशा रीतीने ‘वाट सोडणे’ या कल्पनेला मध्यवर्ती स्थान होते. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजीत ‘टर्नकोट’, म्हणजे अंगरखा उलटा करून पक्ष बदलणारा, हा शिवीवजा शब्दही प्रचलित होता. एकाच धातूत उद्धार आणि द्रोह दोन्ही सामावलेले होते. दोन्हींत वळणारा मनुष्य उत्तरदायी होता.

लॅटिन विद्येच्या प्रभावाने इंग्रजीत जे शब्द आले, त्यांत लक्ष वळविण्याची क्रिया अधिक सूक्ष्म झाली. ‘आनिमुम अ‍ॅडव्हर्टेरे’ म्हणजे मन एखाद्या गोष्टीकडे वळविणे. त्यापासून ‘अ‍ॅनिमॅडव्हर्ट’ झाला. पण नुसते लक्ष देणे हा त्याचा अर्थ फार काळ टिकला नाही. ज्याच्याकडे लक्ष गेले त्याचे दोष दिसू लागले, आणि शब्दाला टीका करणे, ठपका ठेवणे हा अर्थ चिकटला. मिल्टनने १६४१ साली धर्माधिकाऱ्यांविरुद्ध लिहिलेल्या एका पत्रिकेच्या शीर्षकात हा शब्द त्याच अर्थाने आहे. ‘अटेंड’ हा शब्द ताणणे या धातूवरून आला. मन एखाद्या वस्तूकडे ताणून धरणे हा त्याचा मूळ भाव. ‘डिस्ट्रॅक्ट’ म्हणजे ओढून वेगळे करणे. शेक्सपिअरच्या काळी ‘डिस्ट्रॅक्टेड’ मनुष्य हा चित्त विदीर्ण झालेला, वेडाच्या सीमेवरचा असे. आजच्या अर्थाने तो शब्द वाचणारा विद्यार्थी त्या नाटकांतील वेदना उणावूनच वाचतो.

साहित्यशास्त्राने वळणाला शोभा मानले. ग्रीक ‘ट्रोप’ म्हणजे अर्थाचे वळण. ‘स्ट्रोफी’ म्हणजे वृंदाचे वळण. ‘अ‍ॅपॉस्ट्रफी’ म्हणजे वक्त्याने न्यायाधीशाकडून तोंड वळवून दुसऱ्याच कोणाला उद्देशून बोलणे. सोळाव्या शतकात वायट आणि सरे यांनी इटालियन सॉनेट इंग्रजीत आणले, तेव्हा आठव्या ओळीनंतर विचाराने घ्यावयाचे वळणही आले. सरेने आणि पुढे शेक्सपिअरने अखेरच्या दोन ओळींचे स्वतंत्र यमक साधले आणि वळण शेवटापर्यंत लांबविण्याची सोय केली. केशवसुतांनी मराठीत आणलेल्या आणि पुढे ‘सुनीत’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या रचनाप्रकारात त्या वळणाला समीक्षकांनी ‘कलाटणी’ हा नेमका शब्द दिला. लॉरेन्स स्टर्नने १७५९ ते १७६७ या काळात नऊ खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’त तर विषयांतरच कादंबरीचे तत्त्व बनले. बन्यनच्या यात्रेकरूला ज्या वळणाने कैद भोगावी लागली, तेच वळण ८० वर्षांनंतर लेखकाच्या स्वातंत्र्याचे चिन्ह ठरले.

याच अठराव्या शतकात वळविण्याच्या क्रियेतला कर्ता बदलण्यास आरंभ झाला. ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ हा शब्द आधी लक्ष देणे आणि मग कळविणे, सावध करणे या अर्थाने वापरला जाई. वृत्तपत्रांच्या प्रसाराबरोबर तो माल खपविण्याच्या सूचनेला लागू झाला. जाहिरातींचा सुळसुळाट झाल्यामुळे त्या दुर्लक्षाने वाचल्या जातात आणि म्हणून त्यांना भडक आश्वासने द्यावी लागतात, हे जॉन्सनने जानेवारी १७५९ मधील एका निबंधात नोंदविले आहे. मराठीचा ‘जाहिरात’ हा शब्द अरबी ‘जाहिर’वरून आला. त्यात वस्तू उघड होते. ती पाहणाऱ्याच्या मनाविषयी शब्द काही बोलत नाही. इंग्रजी शब्द मात्र थेट मनालाच हात घालतो. पूर्वी मनुष्य आपले मन आपण वळवीत होता. आता त्याचे मन दुसरा वळवितो, आणि तो त्याचा व्यवसाय आहे.

‘डायव्हर्ट’ची कथा समांतर आहे. शत्रूचे बळ दुसरीकडे वळविणे, पाण्याचा प्रवाह वळविणे आणि मन रमविणे हे तिन्ही अर्थ या एका शब्दात आहेत. करमणुकीला ‘डायव्हर्जन’ म्हणणारी भाषा करमणूक म्हणजे कशापासून तरी दूर नेणे, हे नकळत सांगून जाते. फ्रान्समध्ये पास्कालने सतराव्या शतकात याच कुळातल्या शब्दावर मानवी जीवनाची कठोर चिकित्सा केली होती : मनुष्य स्वतःपासून तोंड फिरविण्यासाठी रमतो. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर ‘डायव्हर्जन’ची पाटी पाहून निमूट गाडी वळविणाऱ्याला या अर्थाची आठवण असण्याचे कारण नाही.

समुद्राने इंग्रजीला ‘टॅक’ आणि ‘व्हिअर’ हे शब्द दिले. वारा समोरून येत असता शिडाचे जहाज सरळ जाऊ शकत नाही. ते तिरके जाते, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरके जाते. ‘टॅक’ बदलणे म्हणजे गंतव्य न बदलता मार्ग बदलणे. या शब्दामुळे वळण्याला कौशल्याचा, व्यवहारज्ञानाचा अर्थ आला. नांगरणाऱ्याच्या भाषेत त्याला जागा नव्हती. आगगाडीने ही गोष्ट उलटी केली. ‘शंट’ हे दचकून बाजूला होणे अशा अर्थाचे मध्ययुगीन क्रियापद बोलींत जीव धरून होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने ते उचलले आणि डबे दुसऱ्या रुळावर ढकलण्याला ते नाव दिले. ‘स्विच’ म्हणजे मुळात घोड्याची बारीक लवचीक छडी. अमेरिकन रेल्वेत तो सांध्याचा शब्द झाला आणि पुढे विजेच्या कळीचा. जहाज वळते तेव्हा सुकाणू जहाजावरच असते. आगगाडी वळते तेव्हा सांधा बदलणारा गाडीबाहेर उभा असतो, आणि प्रवाशाला बहुधा पत्ताही नसतो. विचारांच्या मालिकेला ‘ट्रेन’ म्हणणारा हॉब्जचा १६५१ मधील प्रयोग आगगाडीहून कितीतरी जुना असला, तरी आजचा वाचक तेथे रूळच पाहतो. विचार ‘साइडट्रॅक’ होतो, संभाषण ‘डीरेल’ होते, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बोलणारा स्वतःकडे प्रवाशाची भूमिका घेतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजकारणाने वळण्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा केला. १० ऑक्टोबर १९८० रोजी ब्रायटन येथील पक्षपरिषदेत मार्गारेट थॅचर यांनी, इतरांना वळायचे असेल तर त्यांनी वळावे, आपण वळणाऱ्यांतल्या नव्हे, असे सांगून टाळ्या मिळविल्या. त्यांच्या वाक्यात ख्रिस्टोफर फ्राय यांच्या १९४८ मधील एका नाटकाच्या नावावर शब्दखेळ होता. न वळणे हाच तेथे गुण ठरला. तीस वर्षांनी याच इंग्रजीत चित्र वेगळे होते. एरिक रीझ यांच्या २०११ मधील पुस्तकाने नवउद्योगांच्या जगात ‘पिव्हट’ हे क्रियापद लोकप्रिय केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांच्या लेखानंतर आशियाकडील धोरणबदलालाही तेच नाव मिळाले. पुढे शासनाने ‘रिबॅलन्स’ हा सौम्य शब्द पत्करला. ‘पिव्हट’ म्हणजे खुंटी, जिच्यावर वस्तू फिरते. एक पाय जागेवर रोवून दुसऱ्याने दिशा बदलायची, असे हे चित्र आहे. येथे वळणाऱ्याने पूर्वीची दिशा चुकीची होती असे कबूल करण्याची गरज नाही, आणि निष्ठा बदलल्याचा आरोपही संभवत नाही. ‘टर्नकोट’पासून ‘पिव्हट’पर्यंत आलेल्या या भाषेने वळणाऱ्याला एका ओझ्यातून मुक्त केले, पण त्याला जाब विचारण्याचे शब्दही त्याबरोबर दुबळे केले.

अवधान ही दुर्मीळ वस्तू होत चालल्याचे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते : माहितीची विपुलता अवधानाची टंचाई निर्माण करते. इंग्रजीत लक्ष ‘पे’ करतात, म्हणजे मोलासारखे चुकते करतात. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषिक ते उसने देतात. मराठीत ते नुसते दिले जाते. या वाक्प्रयोगांवरून समाजांचे स्वभाव ठरविणे उतावीळपणाचे होईल. मात्र ज्या भाषेत अवधान हे चलन आहे, त्या भाषेत त्याचा बाजार भरला, ही गोष्ट शब्दांना अपरिचित नव्हती, एवढे म्हणता येईल.

भारतीय वाचकासाठी या इतिहासाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. इंग्रजी ग्रंथांत या घटनेला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि तीत सहभागी झालेल्याला ‘कन्व्हर्ट’ म्हणतात. या नामाचे लॅटिन मूळ कर्मणी आहे; ‘वळविला गेलेला’ असा त्याचा शब्दशः अर्थ. मराठीत त्या दिवसाला धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणतात. ‘प्रवर्तन’ आणि ‘कन्व्हर्जन’ यांचा धातू एकच. पण मराठी शब्दात चाक फिरते आणि ते फिरविणारे मनुष्य असतात. इंग्रजी वृत्तान्त मराठीत आणणाऱ्याने, अथवा मराठी वृत्तान्त इंग्रजीत नेणाऱ्याने, कोशातला प्रतिशब्द ठेवून समाधान मानले, तर लक्षावधी माणसांची स्वतःची कृती त्यांच्यावर झालेल्या कृतीसारखी वाचली जाण्याचा धोका राहतो.

कोशाला हे पुरतेपणी सांगता येत नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ मधील इंग्रजी-मराठी कोशापासून आजवरच्या कोशकारांनी वळणे, फिरणे, परतणे, उलटणे, पालटणे, मुरडणे, ढळणे अशा समृद्ध मराठी साठ्यातून प्रतिशब्द निवडले, आणि ते काम मोलाचे आहे. पण ढळणे आणि वळणे यांतला फरक दिशेचा नसून उत्तरदायित्वाचा आहे, हे वाचकाला संदर्भानेच कळते. इंग्रजी ग्रंथ वाचताना वळणाचे क्रियापद आले की तेथे कोण वळले, स्वतः वळले की वळविले गेले, आणि त्याचे तोंड आधी कोणीकडे होते, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने विचारले, तर बन्यनचा यात्रेकरू, स्टर्नचा निवेदक आणि नागपुरात जमलेला समुदाय यांना त्यांची त्यांची क्रिया परत मिळेल.